तिसऱ्या मजल्याचा जिना

परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक काका माझ्याकडे यायचे. अँजिओप्लास्टी होऊन सहा आठवडे झाले होते, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलं होतं. तरी दुसऱ्या मजल्यावर ते थांबायचेच आणि मनगट वर करून हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ बघायचे. मागे काकू, हातात पाण्याची बाटली. "किती झाले हो?" काका आकडा सांगायचे, मग दोघंही कठडा धरून उभी. मी फिजिओथेरपिस्ट, त्यांच्याबरोबर तो जिना चढले आहे. काकांना दम लागलेला नसायचा. त्यांना अडवत होती ती भीती.

मंडळी, या भीतीला कुणी हसू नये. एके काळी हार्ट अटॅक आला की डॉक्टरच रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं, तेही तेव्हा धाडस वाटलं होतं. औषधोपचार पुढे गेले, घरातलं "हलू नका" मात्र अजून तसंच आहे.

म्हणून मी घरच्यांशीही बोलते. १९८५ साली प्रसिद्ध झालेला स्टॅनफर्डचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा होते. अटॅकनंतर तीन आठवड्यांनी नवऱ्यांची ट्रेडमिल चाचणी घेतली. काही बायका बाहेर थांबल्या, काहींनी ती डोळ्यांनी पाहिली, आणि काही जणी स्वतः त्याच ट्रेडमिलवर तीन मिनिटं चालल्या. नवऱ्याच्या हृदयाला किती झेपतं याबद्दलचा भरवसा वाढला तो या चाललेल्या बायकांचा. नुसतं बघून तेवढा वाढला नाही.

आता घड्याळाबद्दल. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या लहरी मोजतं. पट्टा सैल असला, हात जोरात हलला, की आकडा चुकतो. शिवाय बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात. त्यामुळे ठोके जास्तीत जास्त किती जावेत हे काढायचं '२२० वजा वय' हे गणित तुमच्यासाठी नाही. रोजच्या दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, कुणा हृदयतज्ज्ञाच्या चिठ्ठीतून नव्हे. घड्याळ ठेवा, आठवड्याची नोंद डॉक्टरांना जरूर दाखवा. पण चालताना कसोटी एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय ना? छातीत दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, थंड घाम सुटला, चक्कर आली, तर मात्र घड्याळ काय म्हणतंय ते बघत बसू नका. तिथेच थांबा, १०८ला फोन लावा.

परळच्या त्या जिन्यावर मी एक दिवस घड्याळ काकूंच्या मनगटावर बांधलं. दोघं बरोबर चढली. वर गेल्यावर काकूंचे ठोके १२८. मग तेच घड्याळ काकांना बांधून पुन्हा खालून वर आलो, त्यांचे ९६. काकू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. गोळीमुळे असं होतं, हे मी समजावलं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "अहो, मला तर तुमच्यापेक्षा जास्त धाप लागलीये," एवढंच म्हणाल्या आणि बाटली उघडून स्वतः पाणी प्यायल्या.

आता दोघं संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती एक फेरी मारतात. परवा भेटली तेव्हा काका चालता चालता गिरणीतल्या दिवसांबद्दल सांगत होते, आणि वाक्य कुठेही तुटत नव्हतं.