काचेच्या दारापलीकडून घरी आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या अतिदक्षता विभागातला फोन रात्री जास्त वाजतो. उसाने भरलेली ट्रॉली कागलच्या नाहीतर शिरोळच्या रस्त्याकडेला अंधारात उभी असते, मागे रिफ्लेक्टर नसतो, आणि मोटरसायकलवरच्या पोराला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सकाळी काचेच्या दाराबाहेर निम्मं गाव जमतं. प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, पेशंट वाचंल न्हवं?"

याचं उत्तर बऱ्याचदा आमच्या दाराशी येण्याआधीच ठरत आलेलं असतं. रक्त गेलं की अंग गार पडतं, अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही, आणि मग ते आणखी वाहत राहतं. 2010 साली 40 देशांतल्या 20 हजारांहून अधिक जखमींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्रानेक्झामिक ॲसिड हे साधं, स्वस्त इंजेक्शन 3 तासांच्या आत मिळालं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असं त्याच अभ्यासाच्या 2011 सालच्या विश्लेषणात दिसलं. तीन तास उलटल्यावर मात्र तेच औषध अपाय करू शकतं. म्हणून 108 ला फोन करायला कचरू नका. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि जखमीला टेम्पोत कसंबसं कोंबू नका, मान हलू देऊ नका, तोंडात पाणी ओतू नका.

आता जे वाचतात त्यांच्याबद्दल, कारण त्यांच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही.

व्हेंटिलेटर निघाला, पेशंट वॉर्डात आला, की घरचे पेढे वाटतात. वाटावेतच. पण गंभीर आजारात पडून राहिलेल्या माणसाच्या मांडीच्या स्नायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा दहा दिवसांत झिजू शकतो. कालपर्यंत तालमीत जोर मारणारा पोरगा पलंगावरून उठताना थरथरतो, आणि घरचे म्हणतात, आळस करतोय. हा आळस नव्हे. त्याचं शरीर खरोखरच तेवढं उणं झालेलं असतं. त्याला अंडी, डाळ, दूध, जमेल तसा पांढरा रस्सा, आणि रोज थोडं थोडं चालणं लागतं. किती आणि कधी, ते फिजिओथेरपिस्टला विचारा.

दुसरी गोष्ट मनाची. अतिदक्षता विभागात अनेकांना भ्रम होतो. दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर माणसं दिसतात, नर्स आपल्याला मारायला आलीय असं वाटतं. नातेवाईक घाबरून म्हणतात, "ह्याला काय बाहेरचं लागलंय का?" तसं काही नसतं. मेंदू आजारी असतो, आणि यात तुमचा आवाज खूप कामाचा असतो. भेटीच्या वेळी आज वार कोणता, तुम्ही कोण, गोठ्यात म्हैस व्याली का, हे सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवू नका.

मागे एक तरुण महिनाभराने घरी गेला. सहा महिन्यांनी तपासणीला आला तेव्हा जखमा भरल्या होत्या, पाय चालत होता. आम्ही समाधानाने कागद मिटणार, तोच त्याची बायको हळूच म्हणाली, "रात्री झोपतच न्हाईत. ट्रकचा हॉर्न वाजला की दचकून बसत्यात. गुऱ्हाळाचा हिशेबसुद्धा चुकतोय." डिस्चार्जच्या दिवशी हे आम्ही त्यांना सांगायला हवं होतं, की झोप, स्मरण, चिडचिड, भीती हे सगळं यातच येतं आणि त्यावर उपचार आहेत. सांगितलं नव्हतं. तेव्हापासून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या माणसाला मी बाजूला बसवून हे बोलते.

तुमच्या घरात असं कुणी परत आलं असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना फक्त जखम दाखवू नका. झोप कशी आहे, कामावर लक्ष लागतं का, हेही डॉक्टरांना सांगा. पेशंट स्वतः सांगत नसेल, तर तुम्ही सांगा.

नमस्कार.