मु. पो. डेड हॉर्स कॅम्प

[दृश्य: साताऱ्यात राजवाड्यामागची गल्ली. लाकडी जिना. माडीवर टेबल, त्यावर झेरॉक्सचे कागद, भिंग, फूटपट्टी आणि कंदी पेढ्यांचा उघडा पुडा.]

राजवाड्यामागच्या या गल्लीत एका जुन्या घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी चौघं जमतात आणि एका हरवलेल्या माणसाला शोधतात. माणूस हरवला १९२५ साली, ब्राझीलमधल्या मातो ग्रोसोच्या रानात. चौघांतल्या कुणीही ब्राझील पाहिलेलं नाही. एकाकडे तर पासपोर्टही नाही, आणि त्यांना तो काढायचाही नाही.

ते हे काका. पोस्टातून निवृत्त झालेत. जिना चढताना अजूनही खांद्यावर पिशवी असल्यासारखे एका बाजूला कलतात. पलीकडे चष्मा कपाळावर सारून बसलेले भाऊ भूमी अभिलेखमध्ये मोजणीदार होते. उभी नोकरी बांधावर साखळी ओढण्यात आणि भाऊबंदकी ऐकण्यात गेली. बाईंनी शाळेत भूगोल शिकवला. चौथी बाईंची नात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. लॅपटॉप तिचा. पेढेही तीच आणते.

[दृश्य: भिंतीवर दक्षिण अमेरिकेचा शालेय नकाशा. त्यावर पेन्सिलच्या दोन फुल्या.]

हरवलेला माणूस म्हणजे कर्नल पर्सी हॅरिसन फॉसेट. जन्म १८६७, इंग्लंडमधलं टॉर्की. वडील हिंदुस्थानात जन्मलेले. स्वतः तोफखान्यातला अधिकारी, काही वर्षं श्रीलंकेत त्रिंकोमालीला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत रीतसर मोजणी शिकला आणि १९०६ मध्ये बोलिव्हिया आणि ब्राझीलमधली सरहद्द आखायला गेला. पुढे त्याच्या डोक्यात एक शहर शिरलं. रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ५१२ क्रमांकाचं एक पोर्तुगीज हस्तलिखित आहे; १७५३ सालातली, रानात सापडलेल्या ओसाड दगडी शहराची हकीकत त्यात आहे. फॉसेटच्या मनातलं शहर नेमकं हेच नव्हतं, पण जातकुळी तीच. त्याला तो नुसतं ‘झेड’ म्हणायचा.

२० एप्रिल १९२५ ला तो मातो ग्रोसोच्या राजधानीहून, कुयाबाहून, निघाला. बरोबर थोरला मुलगा जॅक, जॅकचा मित्र रॉली रिमेल, दोन स्थानिक गडी, घोडे, खेचरं, कुत्री. २९ मेला त्यानं बायकोला, नीनाला, पत्र लिहिलं. त्यानंतर तिघांचा पत्ता नाही.

‘पत्ता नाही’ म्हटलेलं काकांना खपत नाही. “पत्ता आहे की. पत्रातच लिहिलाय.”

[दृश्य: काकांचं बोट कागदावरच्या ओळीवर.]

आपल्याकडे पत्राच्या डोक्यावर ‘मु. पो.’ घालतात. मुक्काम आणि पोस्ट. काका सांगतात, मुक्काम माणसाचा असतो, पोस्ट खात्याचं असतं. वस्तीवरचा माणूस मुक्काम वस्तीचा लिहितो आणि पोस्ट शेजारच्या मोठ्या गावचं. दोन्ही जुळले तर पत्र पोचतं. एक चुकलं तरी जुना पोस्टमन दुसऱ्यावरून काढतो.

फॉसेटच्या पत्राला मुक्काम आहे: डेड हॉर्स कॅम्प. १९२० च्या फसलेल्या मोहिमेत त्याचा घोडा जिथे मेला ती जागा. पाच वर्षांनी परत आलो तर घोड्याची पांढरी हाडं तेवढी राहिलीत, असं तो लिहितो. पोस्ट मात्र नाही. त्या रानात असणार कुठून? पोस्टाच्या जागी आकडे आहेत. ११ अंश ४३ मिनिटं दक्षिण, ५४ अंश ३५ मिनिटं पश्चिम.

बाकी पत्र घरगुतीच म्हणायचं. माश्या लिहू देत नाहीत. अंगभर गोचिड्या आणि बारीक चिलटं. जॅक ठणठणीत आहे, दिवसेंदिवस तगडा होतोय. रॉलीची काळजी वाटते; एका पायाला अजून पट्टी आहे, पण परत जायला तयार नाही. गडी इथून माघारी फिरताहेत. आणि आपल्याकडे ‘कळावे, लोभ असावा’ येतं तिथे बायकोला धीर: अपयशाची भीती बाळगायचं तुला काही कारण नाही.

काका इथे थांबतात. “ते दोघं माघारी फिरले, म्हणून हे पत्र आहे. खरे पोस्टमन ते. अक्षांश त्यांना ठाऊक नसेल, वाट पक्की ठाऊक होती.”

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. दोन आकडे एकाखाली एक.]

प्रकरण रंगलं ते नातीमुळे. या मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांत नॉर्थ अमेरिकन न्यूजपेपर अलायन्स ही वृत्तपत्रांची संस्था होती. बदल्यात फॉसेटनं रानातून मजकूर धाडायचा. त्या संस्थेकडे गेलेल्या मजकुरात याच डेड हॉर्स कॅम्पचे आकडे आहेत: १३ अंश ४३ मिनिटं दक्षिण, ५४ अंश ३५ मिनिटं पश्चिम.

बायकोला ११, पेपरवाल्यांना १३.

भाऊंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ही खूण आम्ही आता ओळखतो.

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर. दोन अंश म्हणजे २२० किलोमीटरच्या आसपास. बाईंनी लगेच महाराष्ट्राचा नकाशा ओढला. साताऱ्यापासून सरळ उत्तरेला दोन अंश मोजले तर माणूस पुणे ओलांडून सिन्नरच्या थोडा अलीकडे जाऊन पडतो. “म्हणजे पत्रावर सातारा आणि माणूस सिन्नरला,” काका म्हणाले. पोस्टात असं टपाल आलं असतं तर त्यांनी काय शेरा मारला असता, तोही त्यांनी सांगितला. तो इथे गाळला आहे.

पण भाऊंचा मुद्दा अंतराचा नव्हताच. त्यांनी जे सांगितलं ते जरा सावकाश ऐकण्यासारखं आहे.

अक्षांश काढणं तुलनेनं सोपं. भर दुपारी सूर्य किती उंचीवर आला ते मोजायचं, तारखेचा तक्ता बघायचा, गणित करायचं. रात्री ताऱ्यावरूनही येतो. रेखांश अवघड. त्याला अचूक वेळ लागते, आणि घड्याळ खेचराच्या पाठीवर महिनाभर हिंदकळलेलं असतं. घड्याळ चार मिनिटं चुकलं की रेखांश एका अंशानं सरकतो. “तेव्हा चुकायचं तर रेखांशात चुकायला हवं,” भाऊ म्हणतात. “इथं रेखांश मिनिटापर्यंत तोच. अक्षांशाची मिनिटंसुद्धा तीच, त्रेचाळीस. फिरलाय फक्त एक आकडा. मोजणी चुकली की सगळंच थोडं थोडं हलतं. हा बांध कोरलेला नाही, हा सातबाराच बदललेला आहे.”

[दृश्य: भिंगाखाली छापील आकडे.]

मग हा फेरफार कुणी केला? नात म्हणाली, नकलेतली चूक असेल. काका अक्षरांच्या बाजूनं बोलले: मराठीत घाईचा १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, इंग्रजीत १ आणि ७, पण इंग्रजी १ चा ३ व्हायला हात फारच वाईट हवा. यंत्रावर टंकताना बोट चुकलं तर गोष्ट वेगळी.

इथे एक कबुली. टेबलावर भिंग छान दिसतं, कॅमेऱ्याला तर फारच आवडतं. पण त्याखाली शाई नाही. आहे तो १९५३ साली छापलेल्या ‘एक्स्प्लोरेशन फॉसेट’ या पुस्तकातला मजकूर. फॉसेटचा धाकटा मुलगा ब्रायन यानं वडिलांच्या कागदांतून ते पुस्तक सिद्ध केलं. म्हणजे नीनाच्या पत्रातला ११ आपण वाचतो तो मुलाच्या हातून आलेला. बाई शांतपणे म्हणाल्या, “पत्र लिहिणारा एक आणि छापणारा दुसरा. लपवायचं कारण दोघांनाही असू शकतं.”

कारण तर फॉसेटनं स्वतःच देऊन ठेवलेलं होतं. आम्ही परतलो नाही तर शोधायला कुणी येऊ नका, त्यात धोका आहे, असं त्यानं घरच्यांना बजावलं होतं. एवढ्या अनुभवानिशी मला जमलं नाही तर इतरांना काय जमणार. नेमके कुठे जातोय ते सांगत नाही, त्यामागचं एक कारण हेच. हा ब्रायननंच नोंदवलेला निरोप.

इतपत आलं की सगळे खूश होतात: पेपरवाल्यांना खोटा आकडा दिला, बायकोला खरा. मीही खूश झालो होतो.

[दृश्य: मे १९२५ चं हातानं आखलेलं कॅलेंडर. १९ आणि २९ भोवती गोल.]

भाऊंनी कॅलेंडर आखलं आणि मजा गेली.

१९ मे हा जॅकचा बाविसावा वाढदिवस. तो त्यानं बाकाइरी ठाण्यावर साजरा केला. त्याच्या पत्रात तसं आहे. बाकाइरी लोकांचा मुलूख १४ अंश दक्षिणेच्या आसपास. २९ मेला मंडळी डेड हॉर्स कॅम्पवर. हाताशी फार तर दहा दिवस. कॅम्प ११ अंश ४३ मिनिटांवर असेल तर नकाशावर पट्टी ठेवूनच अडीचशे किलोमीटर होतात. वळसे, नाले, काटेरी झुडपं धरलेलीच नाहीत. कॅम्प १३ अंश ४३ मिनिटांवर असेल तर शंभराच्या आत.

अडीचशे किलोमीटर म्हणजे काय, हे सातारा जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत आपल्याच जिल्ह्यातून जाते. आळंदी ते पंढरपूर अंतर जवळपास तेवढंच, आणि पालखीला अडीच आठवडे लागतात. डांबरी रस्त्यावरून. वाटेत चहा, शेंगदाण्याचे लाडू, पाय चेपून देणारी माणसं. यावर भाऊंनी हरकत घेतली ती रास्त आहे: पालखी मुक्काम करत, रिंगण करत जाते, तिला घाई नसते. मान्य. पण पायाला पट्टी बांधलेल्या रॉलीला दिवसाला पंचवीस किलोमीटर, तेही सरळ रेषेत? यवतेश्वरचा घाट चढून एकदा कासला पायी जाऊन बघा, मग बोलू.

म्हणजे पावलं म्हणतात तेरा. पेपरवाल्यांना दिलेला आकडाच खरा ठरतो, आणि खोटा निघतो तो बायकोच्या पत्रातला.

माडीवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, “त्यात काय? पेपरवाले पैसे मोजून मोकळे होतात. माणसं गोळा करून शोधायला पाठवणारी ती होती.” काकांना हे पटलेलं नाही. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली. नवऱ्यानं बायकोला पैसा, तब्येत, दारू यांबाबत खोटं लिहिलेलं त्यांनी ऐकलंय, पण मुक्काम खोटा लिहिलेला नाही. त्यांचा संशय धाकट्या मुलावर. नात अजून टंकलेखनाच्या चुकीवर ठाम आहे. आमचं म्हणाल तर आम्ही बाईंच्या बाजूला झुकतो, पण पेढे नात आणते म्हणून मोठ्यानं बोलत नाही.

नीना १९५४ मध्ये वारली. नवरा आणि मुलगा परततील यावर तिचा विश्वास टिकून होता.

[दृश्य: जुन्या नकाशावरच्या नद्या. शिंगू. कुलुएने.]

शोधायला नको म्हटलं तरी माणसं गेलीच. १९२८ मध्ये जॉर्ज डायॉट मोठी तुकडी घेऊन गेले आणि फॉसेट मारला गेला असं ठरवून आले. १९५१ मध्ये ओर्लांदो विलास-बोआस यांना शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या कालापालो या आदिवासी लोकांच्या मुलखात हाडं मिळाली. ही फॉसेटची, असं जाहीर झालं. लंडनमध्ये तपासणी झाली, ती त्याची नव्हती. पुढे कालापालोंच्याच एका प्रमुखानं सांगितलं की ती हाडं आपल्या आजोबांची होती. आजोबांची हाडं कुणा गोऱ्या साहेबाची म्हणून साता समुद्रापार जाऊन येतात, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

कालापालोंच्या तोंडी चालत आलेली हकीकत मात्र साधी आहे. तीन गोरे आले, त्यांतले दोघे तरुण आणि आजारी. थोरला पूर्वेला जायचं म्हणत होता. तिकडची माणसं कडक आहेत, जाऊ नका, असं सांगून पाहिलं. ते गेले. त्यांच्या शेकोटीचा धूर पाच दिवस दिसला. नंतर दिसला नाही.

अंश नाही, मिनिटं नाहीत. नुसता धूर आणि दिवस.

आणि ‘झेड’? शिंगूच्या याच वरच्या खोऱ्यात पुरातत्त्वज्ञ मायकेल हेकेनबर्गर यांनी तिथल्याच कुइकुरो आदिवासींच्या मदतीनं मोठाल्या जुन्या वसाहती मोजून काढल्या. २००३ मध्ये तो अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. भोवती खणलेले चर, रुंद सरळ रस्ते, मधोमध चौक. कुहिकुगू हे त्यातलं एक ठिकाण. दगडी नव्हे, मातीचं आणि लाकडाचं काम. दगड शोधणाऱ्याला ते बांध कदाचित नुसती उंचवट्याची जमीन वाटले असते.

[दृश्य: भाऊ नकाशासमोर उभे. हातात खोडरबर.]

मोजणीच्या कामात एक नियम असतो. गट मोजायचा तर अर्जदाराबरोबर लगतच्या खातेदारांनाही नोटीस काढायची. ते हजर राहतात, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं जातं, मग खुणा रोवतात. भाऊ नकाशासमोर उभे राहून म्हणाले, “आपण दोन महिने अर्जदाराचेच कागद वाचतोय. लगतवाल्यांना नोटीस काढलीच नाही.”

नातीनं कालापालोंच्या गावांची जागा नकाशावर बारीक टिंबानं दाखवली. टिंब दोन्ही फुल्यांच्या पूर्वेला पडलं. सपाट रानात धूर किती लांबून दिसतो, यावर वाद सुरू झाला. काकांचं म्हणणं, अजिंक्यताऱ्यावरून माहुलीच्या बाजूचं पेटलेलं शिवार सहज दिसतं. बाईंचं म्हणणं, किल्ल्यावरून दिसणं वेगळं आणि झाडीतून दिसणं वेगळं.

भाऊंनी खोडरबर वरच्या फुलीजवळ नेला, मग तसाच खिशात टाकला. पुढच्या रविवारी जॅकचं १९ मेचं पत्र काढायचं ठरलंय. त्यात बाकाइरी ठाण्यापासून पुढच्या वाटेबद्दल काही आहे का, ते बघायचंय. काका म्हणालेत, या वेळी झेरॉक्स मोठ्या अक्षरात आणा.