कार्ड उलटायच्या आधी

बसा बसा. मागचे पुढे आलात तरी चालेल, पुढच्या रांगेला प्रश्न विचारायची माझी सवय शाळेतच ठेवून आलोय. विषय दिलाय परीक्षेसाठी ऑनलाइन फ्लॅशकार्ड कशी वापरायची, वेळ पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं प्रास्ताविक आणि माझ्या सत्कारात गेली. नारळ मात्र चांगला आहे.

तर आधी माझी फजिती ऐका. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरचे फराळावर ताव मारत होते आणि मी लॅपटॉप घेऊन आठवीच्या इतिहासाची कार्डं टाइप करत होतो. चारशे कार्डं! पुढे प्रश्न, मागे उत्तर. बायको म्हणाली, पोरांचा अभ्यास तुम्हीच करताय की. तेव्हा राग आला, आता वाटतं आज भाषणाला तिलाच पाठवायला हवं होतं. असो. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली, अंगठ्यांचा पाऊस पडला, आठवड्यात पोरं ९५, ९८ टक्क्यांचे स्क्रीनशॉट पाठवायला लागली आणि मी स्टाफरूममध्ये जरा छाती काढूनच फिरायला लागलो.

मग चाचणीत मी एकच खोडी केली, प्रश्न उलटा विचारला. १८७३ साली महात्मा फुल्यांनी पुण्यात कोणती संस्था स्थापन केली? अर्धा वर्ग कोरा! एका हुशार पोराला म्हटलं, अरे, सत्यशोधक समाजाचं कार्ड तू रोज बरोबर सोडवत होतास ना? तर म्हणतो, "सर, त्या कार्डावर शेवटी दोन प्रश्नचिन्हं होती, ती दिसली की १८७३." म्हणजे चारशे कार्डांतून पोरानं पाठ काय केलं, तर माझी टायपिंगची चूक. हसा, मीही हसलो, पण दोन दिवसांनी.

आता इथे कुणीतरी म्हणणार, आमच्या वेळी पाठांतर होतंच की, पावकी, निमकी, पाऊणकी. होतं ना. पण ओळीनं म्हणताना सगळेच पोपट असतात. गुरुजी मध्येच थांबवून विचारायचे, अडीच सत्ते? तेव्हा साडेसतरा आतून ओढून काढावे लागायचे, आणि ते ओढणं म्हणजेच अभ्यास. फ्लॅशकार्ड म्हणजे तेच गुरुजी, छडी वजा करून. १८८५ मध्ये, म्हणजे इकडे मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच वर्षी, तिकडे जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं स्मरणशक्तीवर पुस्तक छापलं. त्यानं स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करून मोजलं होतं की विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं. आणि २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि न बघता आठवून काढणाऱ्यांना ५६. पोरगं म्हणतं ना, आई मी चारदा वाचलंय, ते खोटं नसतं हो, पण...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. सहाला इथे हळदीकुंकू आहे म्हणतात. बरं, मग मुद्द्याचं पटापट सांगतो.

कार्ड पोरानं स्वतः करायचं, आयता संच नको, कारण काय विचारायचं हे ठरवतानाच निम्मा धडा डोक्यात बसतो. एका कार्डात एकच गोष्ट, आणि दोन्ही बाजूंनी विचारायची, माझ्यासारखं करू नका. उलटायच्या आधी उत्तर मोठ्यानं बोलायचं, नाही आलं तर "पुन्हा"चं बटण प्रामाणिकपणे दाबायचं. अँकी नावाचं ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. चुकलेलं कार्ड ते लवकर परत दाखवतं, आलेलं हळूहळू लांबवत नेतं. रोज नवी दहा बास, पन्नास घेतलीत तर पुढच्या आठवड्यात उजळणीचा ढीग अंगावर येतो आणि पोरगं ॲपच काढून टाकतं. विज्ञानाच्या आकृतीतली नावं झाकून विचारायची सोय त्यात आहे, हृदयाच्या आकृतीला फार उपयोगी. गणिताची उदाहरणं कार्डावर नकोत, ती वहीतच सोडवायची. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सुरू केलंत तर यातलं काही कामाचं नाही, दोन महिने तरी हवेत.

घरात मोबाइल एकच आणि तोही बाबांबरोबर रात्री नऊला येतो, असं असेल तर चपलांचे तीन खोके घ्या. आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलेलं परत पहिल्यात. पहिला खोका रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्यानं. कार्डांसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापायच्या, आमच्या वर्गात आता तेच चाललंय. कुणाकडे जुन्या पत्रिकांचा गठ्ठा असेल तर शाळेत आणून द्या, फक्त दोन्हीकडून छापलेल्या नकोत.