क्लाउड लॅपटॉपवर किती आणायचा?

नमस्कार मंडळी. फंक्शनमधली एक ओळ बदलली, तर ती चालते की नाही हे तुम्हाला किती वेळात कळतं? साध्या वेब ॲप्लिकेशनवर काम करणारा माणूस फाइल सेव्ह करतो, ब्राउझर रिफ्रेश करतो आणि मोकळा होतो. क्लाउड फंक्शनवाला, म्हणजे ज्याचा कोड क्लाउड कंपनीच्या सर्व्हरवर एखादी घटना घडली की चालतो तो, पॅकेज बांधतो, वर चढवतो, ट्रिगर करतो आणि मग लॉग उमटायची वाट बघत बसतो. त्यात एक स्वल्पविराम चुकलेला असतो. परत पहिल्यापासून.

ॲमेझॉनने २०१४च्या नोव्हेंबरमध्ये लॅम्डा, म्हणजे अशी फंक्शन्स चालवणारी सेवा, जाहीर केलं तेव्हा हाच रिवाज होता. फक्त नोड जेएस चालायचं, आणि कोड एकतर ब्राउझरमधल्या चौकटीत लिहायचा, नाहीतर झिप करून पाठवायचा. मग गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांची फंक्शन्स आली, आणि सगळीकडे एकच मागणी सुरू झाली: हे आमच्या मशीनवर चालवून द्या. ती मागणी आता बऱ्यापैकी पुरी झाली आहे. ॲमेझॉनचं 'सॅम' डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या एका बंदिस्त वातावरणात, तुमचं फंक्शन चालवतं. ॲझ्युअरची 'कोअर टूल्स' ७०७१ पोर्टवर उभी राहतात. गूगलचं 'फंक्शन्स फ्रेमवर्क' ८०८० वर, क्लाउडफ्लेअरचं 'रँग्लर' ८७८७ वर. आणि 'लोकलस्टॅक' तर ४५६६ या एकाच पोर्टमागे ॲमेझॉनच्या कितीतरी सेवांची नक्कल करून ठेवतं. यातलं कुठलंही टूल बसवायला फार तर एक दुपार लागते, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते पुढच्या गोष्टीवर. टूल बसवून झालं की बहुतेक टीम लॅपटॉपवर हुबेहूब क्लाउड उभा करायच्या नादाला लागतात. मेसेजची रांग आणा, डेटाबेस आणा, गेटवे आणा, परवानग्याही आणा. माझ्या मते ही मेहनत चुकीच्या जागी पडते. लॅपटॉपवर आणायचा तो तुमचा कोड आणि खरे इव्हेंट, म्हणजे काय घडलं ते फंक्शनला सांगणारा मजकूर. बाकीचा क्लाउड जिथे आहे तिथेच तपासावा.

एक उदाहरण धरू. एस-थ्री बकेटमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या फाइल साठवणाऱ्या सेवेतल्या एका कप्प्यात, फोटो आला की त्याची छोटी प्रत बनवून दुसरीकडे ठेवणारं फंक्शन. सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलेलं. त्याचा हँडलर, म्हणजे इव्हेंट हातात घेणारा कोड, उघडून बघा. पहिल्या चार ओळी इव्हेंटमधून बकेटचं नाव आणि फाइलचं नाव काढतात. मग फाइल खाली उतरवली जाते. मध्ये कुठेतरी खरं काम होतं, म्हणजे फोटो लहान करणं. मग प्रत वर चढवली जाते. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये कोंबलेलं असतं, त्यामुळे फोटो लहान करण्याचा कोड तपासायचा तरी आधी नकली एस-थ्री उभं करावं लागतं. इथे इम्युलेटर, म्हणजे क्लाउडची नक्कल करणारं टूल, बदलून काही होणार नाही. फोटो लहान करणारं फंक्शन वेगळं काढा: बाइट्स घेतं, बाइट्स परत देतं. त्याला क्लाउड ठाऊकच नाही. त्याची टेस्ट कुठल्याही साध्या टेस्ट रनरवर काही मिलिसेकंदात होते. हँडलर मग पाच-सात ओळींचा उरतो, त्यात फक्त देवाणघेवाण.

ही सूचना जुनीच आहे, सर्व्हरलेस यायच्या कितीतरी आधीची. फरक एवढाच की इथे ती पाळली नाही तर दर बदलामागे डिप्लॉयची, म्हणजे कोड वर चढवला जाण्याची, वाट बघण्याचा दंड बसतो.

आता त्या उरलेल्या पाच-सात ओळींकडे येतो. लहान आहेत, पण दगा तिथेच बसतो. कारण त्या ज्या इव्हेंटवर चालतात तो आपण मनाने रचलेला असतो. फोटोच्या फंक्शनसाठी आपण टेस्टमध्ये काय लिहितो? बकेटचं नाव आणि एखादं सरळसोट इंग्रजी फाइलनाव, मध्ये जागा नाही, विशेष अक्षर नाही. टेस्ट पास. प्रत्यक्षात एस-थ्री इव्हेंटमध्ये फाइलचं नाव यूआरएल-एन्कोड करून देतं. नावात मोकळी जागा असेल तर तिथे अधिकचं चिन्ह येतं. देवनागरी नाव असेल तर नुसती टक्क्यांची चिन्हं आणि आकडे. ते डीकोड न करता तुम्ही फाइल मागितली की उत्तर येतं, अशी फाइल नाही. आणि बकेट उघडून बघावं तर फाइल समोर दिसत असते.

एपीआय गेटवेचंही, म्हणजे वेबवरच्या विनंत्या फंक्शनकडे वळवणाऱ्या सेवेचंही, तसंच. त्याच्या इव्हेंटला दोन आराखडे आहेत, १.० आणि २.०, आणि दोन्हींत रस्ता, मेथड, हेडर यांच्या जागा वेगळ्या. दुसऱ्यात हेडरची नावं लहान अक्षरांत येतात. बॉडी ही नेहमी स्ट्रिंग असते, ऑब्जेक्ट नाही, आणि कधी ती बेस-६४ मध्ये गुंडाळलेली असते, त्याची खूण शेजारच्या एका फील्डमध्ये. हाताने इव्हेंट लिहिणारा माणूस बॉडीत थेट ऑब्जेक्ट ठेवतो. त्याची टेस्ट स्वतःच्याच कल्पनेवर पास होते.

म्हणून इव्हेंट रचू नका, पकडा. डेव्हलपमेंटच्या स्टॅकमध्ये, म्हणजे ॲपच्या क्लाउडमधल्या सगळ्या भागांच्या सरावाच्या संचात, फंक्शनला आलेला अख्खा इव्हेंट एकदा लॉग करा, जेसन फाइल म्हणून उतरवा आणि कोडच्या शेजारी ठेवा. 'सॅम'मध्ये नमुना इव्हेंट तयार करून देणारा कमांड आहे, सुरुवातीला तो चालेल. पण तो नमुनाच. तुमच्या वापरकर्त्यांच्या फाइलनावांतले घोळ त्यात नसणार. एक काळजी मात्र घ्या: पकडलेल्या इव्हेंटमध्ये ऑथरायझेशनचे टोकन, ईमेल, फोन नंबर असतात. रिपॉझिटरीत जाण्याआधी ते खोट्या मजकुराने बदला, आणि बदलताना आराखड्याला धक्का लावू नका.

असे दहा-बारा इव्हेंट साठले की एक फार स्वस्त टेस्ट करता येते, आणि ती मला सर्वांत जास्त आवडते. एकच इव्हेंट लागोपाठ दोनदा द्या. एसक्यूएस या ॲमेझॉनच्या रांगेच्या सेवेची साधी रांग मेसेज किमान एकदा पोचवायचं वचन देते, नेमका एकदाच असं म्हणत नाही. एस-थ्रीकडून आलेला इव्हेंट असिंक्रोनस असतो, म्हणजे पाठवणारा उत्तरासाठी थांबत नाही. फंक्शन कोसळलं तर लॅम्डा आणखी दोनदा प्रयत्न करतं. रांगेतून दहा मेसेजची तुकडी आली आणि सातव्यावर एक्सेप्शन फेकलं गेलं, तर वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर दहाच्या दहा परत येतात, म्हणजे पहिले सहा दुसऱ्यांदा चालतात. त्या सहांत पैसे वळते करण्याचं काम असेल तर काय होईल ते सांगायला नको. हे सगळं लॅपटॉपवर, कुठलीही नक्कल न करता, दोन ओळींच्या टेस्टमध्ये दिसतं. तरी फारच थोड्या टीम ती लिहितात.

मग कंटेनर कशाला, असं विचाराल. कंटेनरचा उपयोग आहेच. मॅकवर किंवा विंडोजवर थेट चालवलेला कोड आणि लिनक्सवर चालणारा कोड यांत फरक पडतो. पायथनच्या किंवा नोडच्या ज्या लायब्ररीत आत सी भाषेतला भाग असतो, ती मॅकवर बांधून झिपमध्ये घातली की क्लाउडमध्ये पहिल्या इम्पोर्टलाच मोडते. प्रोसेसर एआरएम की एक्स-८६ हा घोळ त्यात आणखी. मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठी अक्षरं सारखीच मानते, लिनक्स मानत नाही. लॅम्डात लिहायला फक्त 'टीएमपी' डिरेक्टरी मिळते, मूळची ५१२ एमबी. कोडशेजारी फाइल लिहिण्याची सवय तिथे चालत नाही. घड्याळ यूटीसीत असतं. तारीख बदलण्याच्या आसपास हिशेब करणारा कोड तुमच्या मशीनवर बरोबर आणि तिकडे एक दिवस मागे, हा प्रकार त्यातूनच येतो. यातलं बरंचसं कंटेनरमध्ये आधीच उघडं पडतं. म्हणून रोजची टेस्ट थेट आणि वेगात चालवा, पण पॅकेज बांधायचं ते कंटेनरमध्ये, आणि डिप्लॉयआधी एकदा त्यातच चालवूनही बघा.

पण कंटेनर म्हणजे लॅम्डा नव्हे. फंक्शनने उत्तर दिलं की लॅम्डा ते सगळं वातावरण गोठवतं. उत्तर पाठवल्यावर मागे काही काम चालू ठेवलं असेल, समजा लॉग दुसऱ्या सेवेला पाठवायचं, तर ते अर्ध्यावर थांबतं. पुढची विनंती आली तर तिथून पुढे चालू होतं. नाही आली तर कधीच पूर्ण होत नाही. तुमच्या मशीनवर सर्व्हरची प्रोसेस जिवंतच असते, त्यामुळे ते काम निमूट पुरं होतं आणि कुणाला शंका येत नाही. उलट बाजूही आहे. 'सॅम' ठरावीक सेटिंगवर प्रत्येक हाकेला नवा कंटेनर उभा करतं. खऱ्या लॅम्डात तेच वातावरण पुन्हा वापरलं जातं, म्हणजे हँडलरबाहेरचे ग्लोबल व्हेरिएबल मागच्या विनंतीतलं घेऊन पुढच्या विनंतीत शिरतात. एका वापरकर्त्याची माहिती दुसऱ्याला दिसणं इतकं गंभीर यातून घडू शकतं. त्यासाठी 'सॅम'ला कंटेनर ऊबदार ठेवायचा पर्याय द्यावा लागतो. तो देऊन दोन वेगवेगळ्या वापरकर्त्यांचे इव्हेंट एकापाठोपाठ सोडा.

परवानग्यांचं तर विचारूच नका. लॅपटॉपवर चालणारं फंक्शन तुमच्या क्रेडेन्शियलने चालतं, आणि डेव्हलपरचे अधिकार सहसा सढळ असतात. क्लाउडमध्ये तेच फंक्शन स्वतःच्या आयएएम रोलवर, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या परवानग्यांवर, चालतं आणि पहिल्याच हाकेला प्रवेश नाकारला जातो. डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसची लोकल आवृत्ती क्षमतेची मर्यादा पाळतच नाही, त्यामुळे गर्दीत मिळणारा नकार तिथे भेटत नाही. मेमरी आणि सीपीयू यांचं नातंही सुटतं: लॅम्डात मेमरी वाढवली की सीपीयू त्या प्रमाणात वाढतो, १,७६९ एमबीला एक पूर्ण व्हीसीपीयू (आभासी सीपीयू). १२८ एमबीचं फंक्शन किती रखडतं हे तुमच्या आठ कोअरच्या मशीनवर कळायचं नाही. आणि छोटी प्रत त्याच बकेटमध्ये ठेवली, तर ती नवी फाइल फंक्शनला पुन्हा जागं करते, ते आणखी एक प्रत ठेवतं, आणि चक्र सुरू. एका इव्हेंटने एकदा चालवलेल्या टेस्टमध्ये हे चक्र दिसायला जागाच नसते.

नाटकाची तालीम हॉलमध्ये कितीही चोख झाली तरी प्रवेश-निर्गम आणि दिवे जुळतात ते रंगीत तालमीत. या सगळ्या जोडांची रंगीत तालीम क्लाउडमध्येच करावी, आणि त्यासाठी प्रत्येक डेव्हलपरला त्याचा स्वतःचा स्टॅक द्यावा. एक सामायिक डेव्हलपमेंट स्टॅक ठेवला की एकाने केलेल्या बदलावर दुसऱ्याचा दिवस जातो. खर्चाची भीती घालतात ती बहुतेक वेळा जुन्या, तासावारी सर्व्हरच्या हिशेबातून आलेली असते. निष्क्रिय फंक्शनचं भाडं पडत नाही, आणि लॅम्डाच्या महिन्याच्या पहिल्या १० लाख विनंत्या मोफत असतात. तासावर बिल लावणाऱ्या गोष्टी मात्र जपून: नॅट गेटवे, डेटाबेसचा क्लस्टर. त्या सामायिक ठेवा, बाकी प्रत्येकाचं वेगळं.

वेगाचा प्रश्नही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. 'सॅम सिंक' वॉच मोडमध्ये लावलं तर फाइल सेव्ह होताच फक्त कोडचा बदल वर जातो, पूर्ण डिप्लॉय होत नाही. 'एसएसटी' या टूलने त्याच्याही पुढची युक्ती केली. इव्हेंट खऱ्या क्लाउडमध्ये घडतो, पण तिथलं फंक्शन नुसता निरोप्या असतं. तो इव्हेंट तुमच्या लॅपटॉपवर येतो, कोड इथे चालतो, उत्तर परत जातं. ब्रेकपॉइंट तुमच्या एडिटरमध्ये, रांग आणि डेटाबेस खरे, आणि परवानग्याही त्या फंक्शनच्याच. लॅपटॉप आणि क्लाउड यांच्यात सीमा आखायची तर ती इथे आखलेली मला पटते.

शेवटी, तुमच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो. पहिला, मॉक लायब्ररी, म्हणजे क्लाउडच्या सेवेचं सोंग घेणाऱ्या लायब्ररी, वापरायच्या की नाहीत. पायथनची 'मोटो' चांगली आहे, हँडलरच्या त्या पाच-सात ओळींसाठी बिनधास्त वापरा. मात्र मॉकवर टेस्ट पास झाली म्हणजे क्लाउडची सेवा तशीच वागेल, असं कुणाला वाटू देऊ नका.

दुसरा प्रश्न सीआयचा, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या टेस्टचा: डिप्लॉयनंतरच्या टेस्ट किती असाव्यात? प्रत्येक ट्रिगरमागे एक, फार तर दोन. पुल रिक्वेस्टसाठी, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीसाठी, तात्पुरता स्टॅक उभा करा, बकेटमध्ये खरोखर एक फोटो टाका, नावात मोकळी जागा असलेला, आणि छोटी प्रत येते का ते बघा. ठरावीक सेकंद झोपून बघू नका. थोड्या थोड्या वेळाने विचारत राहा आणि वरची मर्यादा ठेवा, नाहीतर टेस्ट कधी पास, कधी नापास होईल आणि लोक ती दुर्लक्षित करायला लागतील. काम झालं की स्टॅक पुसा. त्याआधी बकेट रिकामी करायची पायरी स्क्रिप्टमध्ये घाला, कारण आत फाइल शिल्लक असलेली बकेट ॲमेझॉनचं स्टॅक उभारणारं आणि पुसणारं क्लाउडफॉर्मेशन काढत नाही आणि स्टॅक अर्धवट लटकून राहतो.