गुलमोहर की नीलमोहर?

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या घराला सावली लवकर हवी असते आणि फुलंही हवी असतात. अशा वेळी हटकून दोन नावं पुढे येतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. नीलमोहर, म्हणजेच जॅकरांडा, अर्जेंटिना-बोलिव्हियाकडचा. कुळं वेगळी, तरी फुलं नसताना दोघांची नाजूक संयुक्त पानं, म्हणजे एका देठावर अनेक इवल्या पर्णिका असलेली, इतकी सारखी दिसतात की रोप घेताना गल्लत होते. अशा वेळी पानं डहाळीला कशी जुळलीत ते पाहा. समोरासमोर जोडीनं असतील तर नीलमोहर, एकाआड एक असतील तर गुलमोहर. झाड मोठं असेल तर प्रश्नच नाही. गुलमोहराची शेंग अर्धा मीटर लांब, टणक, महिनोन्‌महिने लोंबत राहणारी. नीलमोहराची चपटी आणि वाटोळी, आत पातळ पंखाच्या बिया.

आता वाढीचं बोलू. हवा मानवली तर गुलमोहर वर्षाला मीटरभर सहज वाढतो. पण भराभर वाढलेलं लाकूड ठिसूळ असतं, हे कुणी सांगत नाही. वादळात आडव्या फांद्या मोडतात. मुळं वरवर पसरतात, फरशी उचलतात, कुंपणाच्या भिंतीला तडे देतात. शिवाय झाड उंचीपेक्षा रुंद होतं, छत्रीच ती! म्हणून घरापासून निदान आठ-दहा मीटर अंतर हवं. तेवढी जागा नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, गुलमोहराचा मोह सोडा.

मग नीलमोहर? तो अंगानं जास्त उभा, त्यामुळे आखूड जागेत थोडा बरा. त्याच्या फुलांचा सडा देखणा खरा, पण ओला झाला की पायवाट निसरडी होते आणि खाली लावलेली गाडी चिकट होते. त्याची जोरात छाटणी करू नका. कापलेल्या जागेतून सरळसोट फुटवे वर धावतात आणि झाडाचा डौल जातो तो जातोच. आणखी एक, ज्या प्रिटोरिया शहराची ओळख या जांभळ्या फुलांनी झाली, त्याच दक्षिण आफ्रिकेत नीलमोहर आज उपद्रवी परकी झाडांच्या यादीत आहे. तेव्हा लावण्याआधी स्थानिक नियम पाहून घ्यावेत.

हवामानाचं म्हणाल, तर दव गोठवणारी थंडी गुलमोहराला मारते. मोठा नीलमोहर थोडी थंडी सोसतो, पण बारमाही दमट हवेत फुलायला कंजुषी करतो. मला विचाराल तर जागा ऐसपैस आणि हवा उष्ण असेल तिथे गुलमोहर, कोरडा हिवाळा असेल तिथे नीलमोहर.

गुलमोहराचं बी कठीण कवचाचं असतं. पॉलिश पेपरवर जरा घासून रात्रभर पाण्यात भिजवलं की लवकर रुजतं. नीलमोहरही बियांपासून येतो, पण त्याला फुलं धरायला बरीच वर्षं लागतात. कलमाला लवकर येतात. म्हणून रोप कलमी आहे की बियांचं, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

नमस्कार.