आप्पांच्या साखरेचं वे-बिल

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? आज बोलायचंय ते घरातल्या मोठ्या माणसांबद्दल. ज्यांना शुगर आहे, बीपी आहे, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंय आणि जे काही केल्या चालत नाहीत. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिची एक मोठी पाहणी २०२३ साली छापून आली, त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचं निघालं. त्या १० कोटींतले एक आमचे आप्पा, माझे वडील. कराडला असतात, एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झाले.

आता तुम्ही म्हणाल समजावून सांगायचं ना. अहो, सगळं करून झालं! मी पुण्यातनं रोज फोन करायचे, "आप्पा, चाललात का?" ते म्हणायचे "हो, आत्ताच आलो." मग आईचा आवाज मागनं, "कुठनं आलात? कॉटवरनं?" व्हॉट्सॲपवर मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, सगळं पाठवून झालं. तसं हे फॉरवर्ड करणं म्हणजे आपलं मन मोकळं करायचा धंदा आहे, समोरचा वाचतसुद्धा नाही, तो उलट आपल्याला गुड मॉर्निंगचं फूल पाठवतो. साखरेचा डबा लपवला तर आप्पा स्टँडवर जाऊन चहा प्यायचे. आणि साखर बंद करा म्हटलं की म्हणणार, मग गूळ घालतो, आपण ऊसवाली माणसं, गूळ म्हणजे औषध. मंडळी, गूळ हीसुद्धा साखरच. परत सांगते, गूळ हीसुद्धा साखरच. शुगरवाल्यानं गूळ घेतला काय आणि साखर घेतली काय, रक्तात जायचं ते जातंच.

तर गेल्या संक्रांतीची गोष्ट. आमचे चुलते कारखान्याचे सभासद, त्यांना सवलतीची साखर मिळते, त्यातली दहा किलो दरवर्षी दिवाळीला आमच्याकडं येते. आप्पांचा हिशेब असा की दोनच माणसं घरात, दहा किलो म्हणजे गुढीपाडवा ओलांडायला पाहिजे. आणि संक्रांतीला मी गेले तर आई डबा उलटा करून बुडाला चमचा खरवडत होती. आप्पा दारात उभे, म्हणाले, "दहा किलो गेली कुठं?" आई म्हणाली, "तुमच्या पोटात." आप्पा म्हणाले, "मी घेतो किती? कपाला चमचाभर. मुंग्या नेतात, नाहीतर तू वाटत असशील गल्लीत." झालं! सणाच्या दिवशी दोघांचं बोलणं बंद.

आता कंडक्टरचं एक असतं, हिशेबात फरक आलेला त्याला झोपू देत नाही. तिकिटं किती फाटली आणि बॅगेत पैसे किती, संध्याकाळी डेपोत जुळलंच पाहिजे. (हल्ली मशीनमधनं कागदाची फुसकी पट्टी येते, ती घरी पोचेपर्यंत कोरी होते. पूर्वीचं तिकीट पुस्तकात खूण म्हणून वर्षानुवर्षं राहायचं. असो.) रात्री आप्पा उठले, माझी जुनी कॉलेजची वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि चक्क वे-बिल, म्हणजे कंडक्टर फेरीगणिक भरतो तो हिशेबाचा तक्ता, तयार केलं! फेरी नंबर, वेळ, प्रवासी कोण, चमचे किती. फेरी म्हणजे कप. डबा भरून मोजून ठेवला आणि आईला सांगितलं, आजपासनं आठ दिवस लाईन चेकिंग, नोंद केल्याशिवाय चमचा उचलायचा नाही.

मी सुट्टी वाढवून घेतली, असला तमाशा कोण सोडणार! शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, त्यांच्या चहाचीसुद्धा नोंद. पोस्टमन, दूधवाला, सगळे वहीत. आई दोन कप, कपाला एक चमचा. आणि आप्पा? घरात पाच कप, कपाला दोन चमचे, आणि चमचा कसला, शिगोशिग. त्यात रात्री जेवणानंतर तूप-साखर-पोळी, ती कधी कुणी मोजलीच नव्हती, तिच्यात तीन चमचे.

आठव्या दिवशी ओसरीत बसून चष्मा लावून बेरीज केली. एकूण १४० चमचे, त्यातले आप्पांचे एकट्याचे १०४. दोनदा बेरीज केली, मग उलटी करून बघितली. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर महिन्याला दोन किलो साखर एकटे आप्पा खात होते! वर दिवाळीच्या फराळाची धरली की दहा किलोचा हिशेब बरोब्बर जुळत होता. बराच वेळ गप्प बसले, मग आईकडं न बघताच म्हणाले, "तीस वर्षं गाडीत विदाऊट तिकीटवाले शोधत हिंडलो. घरातला विदाऊट मीच निघालो की."

आम्ही दोघी काही बोललो नाही. हे मात्र मुद्दाम सांगते. तेव्हा बोलले असते ना, "बघा, मी सांगत होते", की वही चुलीत गेली असती. तेव्हा आपण तोंड बंद ठेवायचं. परत सांगते, तोंड बंद ठेवायचं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरनं घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. आप्पा ६५ वर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कपाला एक चमचा केला, महिन्याभरानं अर्धा. चालायचंही तसंच. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, हे त्यांच्या डोक्यात कोरलेलं. "अर्धा टप्पा" म्हणून ते प्रीतिसंगमाकडं निघतात, तिथं कृष्णा-कोयनेच्या कडेला बसतात आणि परत. जाता-येता दोन्ही धरून अर्धा टप्पा, असा त्यांचा दावा. आठवड्याला १५० मिनिटं चालणं झालं पाहिजे, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस, एवढं लक्षात ठेवा. आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका, उपाशीपोटी चालायला जाऊ नका, खिशात एखादी चघळायची गोड गोळी, बिस्कीट असू द्या, शुगर एकदम उतरली तर चक्कर येते.

मिठाचं सांगायचं होतं, पण वेळ थोडा आहे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, त्यात पापड-लोणचं पण आलं. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी करतात ना, ती तीन महिन्यांनी परत करून घ्या. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही, रक्तातल्या पेशींना साखर आधीच चिकटलेली असते. आप्पांची ८.४ होती, ७.३ झाली. डॉक्टर म्हणाले अजून खाली आणू.

परवा गेले होते घरी. वही खुंटीला दोरीनं टांगलेली, पेन्सिल बांधलेली. मी चहात दुसरा चमचा घातला तर आप्पा कॉटवरनंच ओरडले, "ए, नोंद कर!" मी आपली वहीत लिहिलं. मग आईनं मला आत बोलावून हळूच सांगितलं, स्टँडवरचे दोन कप अजून चालू आहेत. मी आप्पांना विचारलं, तर म्हणतात कसे, "ती गाडी आपल्या डेपोची नाही."