नदी सोडून वर चढा

(दृश्य : सकाळचं ऊन, तीन बुरुजांचा दगडी पूल)

हा पों व्हालांत्रे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, काओर शहरात. लॉत नदीने या शहराला तीन बाजूंनी वेढा घातलाय. पुलाचं काम १३०८ मध्ये सुरू झालं आणि सत्तरेक वर्षं रखडलं. इतका उशीर म्हटल्यावर दोष कुणाच्या तरी माथी मारायला हवा, तो लोकांनी सैतानाच्या माथी मारला. गवंड्याने म्हणे सैतानाशी करार केला : सांगेन ते सगळं काम करायचं, मग माझा आत्मा तुझा. काम संपत आलं तेव्हा गवंडी म्हणाला, आता या चाळणीतून पाणी आण. सैतान फसला. तेव्हापासून तो रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड उपटून नेतो. १८७९ मध्ये डागडुजी करणारे वास्तुविशारद पोल गूत यांनी त्या कोपऱ्यावर दगड ओढणारा सैतानच कोरून बसवला. कॅमेरा वर गेलाय, बघा. अजून ओढतोच आहे.

(नैसर्गिक आवाज : क्लीट, म्हणजे सायकलच्या बुटाच्या तळाची खुंटी, पेडलमध्ये बसल्याचा खट्ट)

आपली सायकलफेरी इथून सुरू. लॉतच्या काठाने पूर्वेकडे, मग पठार ओलांडून फिझाक, आणि परत येताना सेले नदीचं खोरं. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्या आपल्या पुण्या-नाशिकच्या मंडळींना हा आकडा किरकोळ वाटेल. तुमच्या ब्रेव्हे कार्डाला (त्या फेरीच्या नोंदीच्या कार्डाला) मान्यता देणारा क्लब पॅरिसचाच, तेव्हा हा देश तुम्हाला परका नाही. पण इथे आकड्यावर जाऊ नका.

(दृश्य : ड्रोन, नदीची वळणं)

वरून नदी बघा. जिलबी घालताना हात फिरावा तशी फिरलीय. एका वळणातून बाहेर पडेपर्यंत दुसरं सुरू. हा सगळा ज्युरासिक काळातला चुनखडक. जमीन हळूहळू वर उचलली जात होती तेव्हा नदीने आपली जुनी वळणं सोडली नाहीत, त्याच वाटेने ती खाली खोदत राहिली. म्हणून प्रत्येक वळणाला दोन वेगळे काठ आहेत. बाहेरच्या बाजूला, जिथे पाणी आपटतं, तिथे सरळसोट कडा. आतल्या बाजूला गाळाची सपाट जमीन : मका, अक्रोडाची झाडं, तंबाखू वाळवायची जुनी लाकडी कोठारं. रस्त्याला कड्याच्या पायथ्याशी मिळेल तेवढीच जागा मिळते. कुठे कुठे खडक डोक्यावर छपरासारखा पुढे आलाय.

रस्त्याकडेला हे पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड दिसतात. पिवळं डोकं म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. नंबराआधी डी. सायकलवाल्याने फ्रान्समध्ये हे एक अक्षर पाठ केलं तरी पुरतं. गावाबाहेर सायकलला मागे टाकताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असा इथला कायदा आहे. हा ट्रकवाला बघा, आमच्या मागे गिअर टाकून निवांत थांबलाय, हॉर्नला हातही नाही.

याच रस्त्याची एक गंमत सांगायलाच हवी. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. गॅरी डेव्हिस नावाच्या माजी अमेरिकन वैमानिकाने, बाँब टाकून आलेल्या माणसाने, १९४८ मध्ये पॅरिसला येऊन नागरिकत्व सोडलं आणि आपण जगाचे नागरिक असल्याचं जाहीर केलं. ते वारं काओरपर्यंत पोचलं. १९४९ मध्ये काओरच्या नगरपालिकेने आपलं शहर जगाचं असल्याचा ठराव केला. एवढ्यावर न थांबता जून १९५० मध्ये काओरपासून सें-सिर्क-लापोपीपर्यंतच्या रस्त्याला ‘सीमा नसलेला रस्ता क्रमांक १’ म्हणून समारंभपूर्वक जाहीर केलं. पुढे हे असे रस्ते जगभर जोडत न्यायचे, अशी कल्पना. क्रमांक २ चं काही खास जमलं नाही. पण आपण आत्ता क्रमांक १ वर आहोत, आणि डांबर उत्तम आहे.

(दृश्य : बूझिएस, कड्यात कोरलेली वाट)

बूझिएस. इथे कडा थेट पाण्यात उतरतो. पूर्वी लॉतवर होड्यांची मोठी वर्दळ होती, काओरची वाइन बोर्दोकडे याच पाण्याने जायची. जाताना प्रवाह मदतीला. येताना मात्र होडी दोराने ओढून आणायची, माणसांनी नाहीतर जनावरांनी. ओढणाऱ्याला काठाने चालायला वाट हवी, आणि इथे काठच नाही. तेव्हा १८४० च्या दशकात खडकच आतून कोरला. छत खडकाचं, भिंत खडकाची, उघड्या बाजूला नदी. एवढा खटाटोप करून वाट तयार झाली आणि काही दशकांतच खोऱ्यात रेल्वे आली. होड्या संपल्या. पुढे त्या रेल्वेचे प्रवासी डबेही बंद झाले.

भिंतीवर हात फिरतोय तिथे शिंपले, मासे, पाण्याचे भोवरे कोरलेत. हे जुनं नाही, डॅनिएल मोनिए या शिल्पकाराचं अलीकडचं काम. या वाटेवर पायी चालणाऱ्यांचा हक्क पहिला. आम्ही उतरून सायकली हातात धरल्या. रोड बाइकच्या टायरला हे खडे तसेही मानवत नाहीत.

(दृश्य : सें-सिर्क-लापोपी, नदीपासून शंभरेक मीटर वर)

आणि हे गाव. त्या १९५० च्या समारंभाच्या निमित्ताने कवी आंद्रे ब्रेतों इकडे आला, गाव बघितलं आणि इथेच घर घेतलं. पुढे मरेपर्यंत त्याचे उन्हाळे याच गावात गेले. त्याच्या कितीतरी आधी हे लाकूड कातणाऱ्यांचं गाव होतं. पिंपाच्या नळाच्या तोट्या इथे बनायच्या, बॉक्सवूडच्या. हे झुडूप आजूबाजूच्या डोंगरावर माजलेलं असतं. लाकूड पिवळसर, घट्ट, बोटाला गुळगुळीत लागणारं. लेथवर तासताना सालीसारखी लांब वेटोळी पडतात. आता गावात कायमची वस्ती दोनेकशे माणसांची, उन्हाळ्यात पर्यटक लाखोंनी.

बहुतेक सायकलवाले इथे फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि नदीकाठच्या सपाट रस्त्याने परत फिरतात. माझं म्हणणं, इथूनच वर जा.

(दृश्य : चढ, हँडलबारवरचा कॅमेरा, श्वासाचा आवाज)

खोरं समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आत-बाहेर, पठार साडेतीनशेच्या घरात. म्हणजे दोनशे मीटर चढायचे. वरंध्यात किंवा आंबेनळीत सायकल घातलेल्याला हे ऐकून हसू येईल. पण हे दोनशे मीटर एकदाच चढायचे नसतात. पठारावरून पुन्हा खोऱ्यात, खोऱ्यातून पुन्हा पठारावर. चौथ्या वेळी पाय बोलायला लागतात. उन्हाळ्यात आणखी एक वैताग : डांबरावर बारीक खडी टाकून रस्ता मोकळा सोडतात, गाड्यांनीच ती दाबायची. उतारावरच्या वळणात अशी खडी भेटली तर ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नको.

हा रस्ता जेमतेम एका गाडीचा. मिशलँ (आपलं मिशेलिन) कंपनीच्या नकाशावर पांढरा, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचा. कडेने हिरवी रेघ असेल तर रस्ता प्रेक्षणीय. इतक्या आडरानात, चार घरांच्या वाडीपर्यंत डांबर कसं? त्याचं मूळ १८३६ च्या कायद्यात आहे. गावरस्ते सांभाळणं गावांवर बंधनकारक झालं, त्यासाठी पैसा किंवा श्रमदानाचे दिवस ठरवून दिले. गाव ते शेत, गाव ते गिरणी, गाव ते बाजार असं जाळं तेव्हापासून विणलं गेलं. पुढे माणसं शहरात गेली, शाळा मिटल्या, बेकऱ्या बंद झाल्या. रस्ते राहिले. आज त्यांच्यावर तासाभरात दोन गाड्या दिसल्या तर खूप झाल्या. सायकलच्या पर्यटनासाठी सरकारं नव्या वाटा आखतात, पाट्या लावतात, छानच आहे. पण सगळ्यात सुंदर सायकलमार्ग इथे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच तयार आहे, त्याला फक्त पाटी नाही.

(दृश्य : पठार)

चुनखडकाच्या या कोरड्या पठाराला इथे ‘कोस’ म्हणतात. पाणी पडलं की चुनखडकात मुरतं, वर ओढा नाही की तळं नाही. खुरटे ओक, ज्युनिपर, आणि शेतातले दगड वेचून रचलेले बांध, मैलोन्‌मैल, चुन्याचा थेंबही न वापरता. मधे मधे तशाच रचलेल्या गोल झोपड्या, मेंढपाळांनी पावसात आसरा घ्यायच्या. मेंढ्या इथल्याच जातीच्या, डोळ्यांभोवती काळा चष्मा. एकीने सायकलकडे असं काही बघितलं, की आमच्या एडिटरने तो शॉट दोनदा वापरलाय.

पाण्याची बाटली कुठे भरायची? स्मशानभूमीत. फुलांना पाणी घालायला तिथे बहुधा नळ असतो, आणि जुन्या फ्रेंच सायकलस्वारांना हे पक्कं ठाऊक असतं. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं.

(दृश्य : फिझाक, काळ्या दगडाचा चौक)

फिझाक. हायरोग्लिफ, म्हणजे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी, वाचून दाखवणारा शांपोलियाँ १७९० मध्ये इथे जन्मला. त्याच्या घरामागच्या चौकात जोसेफ कोसुथ या कलाकाराने १९९१ मध्ये रोझेटा शिलेची, म्हणजे ज्या कोरीव दगडामुळे ती लिपी उलगडली त्याची, भलीमोठी प्रत जमिनीवर अंथरली. काळा ग्रॅनाइट, तीन लिप्या, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या. क्लीट घालून यावर चालू नका. का ते पुढच्या शॉटमध्ये दिसेल.

(दृश्य : सेले नदी, संध्याकाळ)

परतीचा रस्ता सेलेच्या काठाने. लॉतपेक्षा ही धाकटी नदी, खोरं अरुंद, कडे अंगावर आलेले. कड्यांच्या कपारीत भिंती बांधून केलेले गड दिसतात, त्यांना अजून ‘इंग्रजांचा किल्ला’ म्हणतात. इंग्लंड-फ्रान्समधल्या ‘शंभर वर्षांच्या युद्धा’ची आठवण. मार्सियाकला अर्धं छप्पर गेलेला मठ. काब्रेरेला पेश-मेर्लची गुहा, १९२२ मध्ये गावातल्या किशोरवयीन पोरांनी शोधलेली. आत ठिपक्यांचे घोडे आहेत, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वी काढलेले. फोटोला बंदी, त्यामुळे आमच्याकडे फक्त तिकिटाची खिडकी आहे. ती तुम्ही बघितली.

कोंद्युशेला सेले लॉतला मिळते. उजवीकडे वळलं की काओर, नदीकाठाने, सपाट. डावीकडे पुन्हा सें-सिर्क आणि पुन्हा चढ.

येणार असाल तर मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि खोऱ्यात कॅम्पर व्हॅनची रांग. मागच्या चाकाला ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) लावून या, चढ हलका जातो; लाज वाटून घेऊ नका. दुपारी बारा ते दोन दुकानं मिटतात, आणि सोमवारी बऱ्याच गावांत बेकरी बंद असते, तेव्हा रविवारीच पाव घेऊन ठेवा.